यानाला हात लावू नका

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा उच्चारलंय, की तितक्या वेळा वर्गात ‘शांत बसा’सुद्धा म्हटलं नसेल. आणि मी शिक्षिका आहे, सांगलीत, विज्ञानाची. ‘शांत बसा’ म्हणण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं. हे वाक्य मी फोनवर सांगितलं, समोर बसून सांगितलं, वहिनीला चुलीपाशी सांगितलं, भावाला उसाच्या बांधावर गाठून सांगितलं. सगळे ‘व्हय व्हय’ म्हणाले. आमच्या घरात ‘व्हय व्हय’चा अर्थ काय असतो हे मला पन्नाशी उलटली तरी कळू नये, याचाच खरं तर जास्त राग येतो.

यान म्हणजे अंतराळयान. ते माझ्या काकांनी केलं, वडिलांच्या धाकट्या भावानं. टीव्हीवर एकच चॅनल होता त्या काळी रविवारी सकाळी मुलांसाठी एक विज्ञानमालिका लागायची. पृथ्वीवरचं पाणी संपलंय आणि काही माणसं दुसऱ्या ग्रहावर पाणी शोधायला निघालीत, अशी गोष्ट. काका मुंबईत त्या मालिकेच्या ट्रिक सीनच्या खात्यात होते. खातं म्हणजे काका, एक टेबल आणि टेबलाखालचं भंगार. यान त्यांचं, परग्रहावरचे डोंगर त्यांचे, उल्का त्यांच्या, आणि त्या फुटायच्या तेव्हा फोडलेल्याही त्यांनीच. आधी कागदावर रंगवून दिग्दर्शकाला दाखवायचं, त्यानं मान हलवली की हातानं उभं करायचं. मालिकेच्या शेवटी नावं वर सरकत जायची त्यात काकांचंही असायचं, पण ते येईपर्यंत आमच्याकडं कुणीतरी उठून टीव्ही बंद केलेला असायचा.

यानाचं पोट भोपळ्याचं आहे. मिरजेचा, तंबोऱ्याचा भोपळा. काका सुट्टीवर आले होते, जाताना मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत शिरले, एक मोठा वाळलेला भोपळा पसंत केला आणि मुंबईपर्यंत मांडीवर घेऊन गेले. हलका, गोल आणि ठोकला तर टणक. त्याच्यावर इंजेक्शनच्या सिरिंजा बसवल्या, पेनांची टोपणं, फवारणीच्या पंपाचं नोझल, बिघडलेल्या रेडिओच्या पोटातलं बरंच काही. टांगायला सतारीची तार, कारण ती कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि सगळ्यावर राखाडी रंग. नुसता राखाडी नव्हे. त्याच्यावर काजळीचा हात, कडांना घासलेलं, एका बाजूला उल्का लागल्याचा ओरखडा. नवंकोरं यान खोटं दिसतं, असं काकांचं म्हणणं. ‘यष्टीकडं बघ,’ ते मला सांगायचे. ‘लांबनं कळतं का न्हाई, किती फिरलीया ती? तसं पायजे.’

मालिका संपली तेव्हा यान त्यांनी गोणपाटात गुंडाळून सांगलीला आणलं आणि मला दिलं. माझा चुलतभाऊ तेव्हा जन्मायचा होता, नाहीतर त्यालाच मिळालं असतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढं मी विज्ञान घेतलं ते या भोपळ्यामुळं, हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही, पण खरं तेच आहे.

आता ती मालिका कुठंच नाही. टेपा महाग होत्या, निर्मात्यानं त्यांच्यावरच पुढची कौटुंबिक मालिका चित्रित करून टाकली. तेव्हा सगळेच तसं करायचे म्हणे. मी वर्गात कधी त्या मालिकेबद्दल बोलले तर पोरं घरी जाऊन मोबाईलवर शोधतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं दयेनं बघतात. बाईंना काहीतरी भास झालाय. म्हणजे काकांनी आयुष्याची उमेदीची वर्षं ज्या कामात घातली, त्याचा पुरावा म्हणून उरलं काय, तर हे यान आणि ट्रंकभर रंगीत चित्रं. तेही गेलं की संपलं. काका गेल्यावर कुणीतरी, कुठंतरी, एका भिंतीपाशी उभं राहून म्हणावं की हे या माणसानं केलं. एवढंच मला हवं होतं. फार मागत होते असं अजूनही वाटत नाही.

सांगलीतलं आमचं घर नदीच्या अंगाला. पुराचं पाणी दारात आलं त्या साली यान आणि ट्रंक कडेगावकडं, आमच्या गावच्या घरी हलवली. तिथं भाऊ, म्हणजे काकांचाच मुलगा, शेती बघतो, आणि मुंबई सोडल्यापासून काकाही तिथंच असतात. उंचावरचं गाव, पूर येणं शक्यच नाही. मी निर्धास्त झाले. पाण्यापासून वाचवलं म्हणजे वाचवलं, असा माझा समज होता.

मग मी ते कुणीतरी सांभाळावं म्हणून हिंडायला लागले. साताऱ्याच्या एका संग्रहालयात गेले. तिथल्या साहेबांनी फोटो बघितले, उलटे करून बघितले. ‘हे कुठल्या काळातलं?’ मी म्हटलं, गोष्टीच्या हिशोबानं भविष्यकाळातलं. ते हसले नाहीत. ‘तलवार, दांडपट्टा, एखादं जुनं भांडं असं काही असलं तर आणा,’ म्हणाले आणि चहा मात्र चांगला पाजला. आणखी एका ठिकाणी ‘खेळण्यांचा विभाग नाही’ असं उत्तर मिळालं. शेवटी मुंबईतली एक संस्था सापडली, जुन्या टीव्हीच्या वस्तू, चित्रं, पोशाख जमवणारी. तिथल्या बाई फोनवर इतक्या आनंदल्या की मलाच रडू आलं. आधी चित्रं घेऊ, म्हणाल्या. आमचा माणूस न्यायला येईल. तोवर फक्त कोरड्या जागी ठेवा.

हा निरोप मी भावाला दिला. त्याचा पंधरवड्यानं फोन आला. ‘आक्का, एक नंबर काम झालंय. आता पुरात पडली तरी काय होत न्हाई.’

त्यानं चित्रं लॅमिनेट करून आणली होती. सगळी. कराडला जाऊन, ओळखीच्या दुकानात, समोर उभं राहून. पोस्टर कलरची चित्रं ती. गरम रोलरखालून गेल्यावर रंग प्लास्टिकला चिकटले, आकाशात बुडबुडे आले. ग्रहाचं सगळ्यात मोठं चित्र मशीनमध्ये मावेना, म्हणून त्याचे दोन तुकडे केले. ‘मधी सरळ रेघ मारून कापलंय,’ भाऊ म्हणाला. ‘जोडलं तर कळत बी न्हाई.’

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘तूच म्हणलीस न्हवं, पाण्याला जप म्हणून.’ त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. त्याचा हेतू नेहमी इतका चांगला असतो की डोकं आपटायला भिंत शोधावी लागते.

मुंबईच्या बाईंना मी फोनवर हे कळवलं. त्या म्हणाल्या, ‘सगळीच?’ मी म्हटलं, सगळीच. ‘आणि यान?’ यान तसंच आहे. मग त्यांनी मला नियम सांगितले. पुसायचं नाही. झटकायचं नाही. काही निघालं असलं तर चिकटवायचं नाही. उन्हात ठेवायचं नाही. धूळ असली तर तीही राहू द्या, धुळीतूनही आम्हाला कळतं. दसऱ्यानंतर त्या स्वतःच येणार होत्या.

वहिनीला हे पटवणं म्हणजे एक प्रकरणच होतं. ‘आवं आक्का,’ ती म्हणाली, ‘मुंबईची माणसं एवढ्या लांबनं येणार आनि आमी त्यास्नी धूळ दाखवायची व्हय? गाव काय म्हणंल?’ मी म्हटलं, गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे, तू फडकं लावायचं नाही. ती ‘व्हय व्हय’ म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं म्हणा. आमच्याकडं जपणं म्हणजे घासून लख्ख ठेवणं. शेजारचे सुभेदार आजोबा दर झेंडावंदनाला आपली पदकं चिंच लावून घासतात. इतकी वर्षं घासलीत की त्यांच्यावरची अक्षरं आता बोटालाही लागत नाहीत. पण चमकतात अशी की नजर ठरत नाही, आणि आजोबांची छाती तेवढीच फुगते.

काकांकडून मात्र मला काही धोका वाटत नव्हता. ते दिवसभर पडवीत खाटेवर असायचे. काचबिंदूनं डोळे बरेच गेले होते. मिरजेला डॉक्टरांकडं मीच न्यायची. उरलेलं टिकवू, गेलेलं येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दोन वेळा थेंब घालायचे, ते वहिनी घालायची. यान त्यांच्या समोरच्या कोनाड्यात असायचं. मी गेले की विचारायचे, ‘कवा येणार गं तुझी माणसं?’ मी सांगायची, दसऱ्यानंतर. ‘बरं,’ म्हणायचे. कधी उत्साह नाही, कधी विरोध नाही. या थंडपणाचाही मला वैताग यायचा. तुमच्यासाठी मी चपला झिजवतेय, जरा तरी खूश व्हा.

खंडेनवमीला मी गावी गेले. त्या दिवशी आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं अंगणात येतात. ट्रॅक्टर धुतलेला, ट्रॉली धुतलेली, विळे, कोयते, खुरपी पाटावर मांडलेली, फवारणीचा पंप, वहिनीचं शिलाई मशीन, भावाची मोटरसायकल. सगळ्यांना हळदीकुंकू, सगळ्यांना झेंडूच्या माळा. साखर कारखाना सुरू व्हायच्या आधी ट्रॉलीला रंग लावून घ्यायचा रिवाज असतो, त्यामुळं तीही नव्या तांबड्या रंगात झळकत होती. मी कौतुकानं ओळीवरून नजर फिरवत गेले. शिलाई मशीनच्या पलीकडं, पाटावर, माळ घालून, यान होतं.

तांबडं. ट्रॉलीच्याच डब्यातलं तांबडं. काजळी नाही, ओरखडा नाही, सिरिंजासुद्धा तांबड्या. कडेनं पिवळा पट्टा, मागच्या बाजूला गाड्यांना लावतात तसल्या रेडियमच्या पट्ट्या. पुढं पेंटरनं त्याच्या वळणदार अक्षरांत ‘आईची कृपा’ लिहिलं होतं, आणि मागं, नोझलच्या वर, ‘पुन्हा भेटू’.

मी भावाला हाक मारली आणि अंगणात, गड्यांच्या देखत, आल्यागेल्यासमोर त्याला धारेवर धरलं. माणसाला एक काम सांगितलं होतं, तेही काही करायचं नव्हतं, काही न करण्याचंच काम होतं, तेवढंही तुला जमू नये? तो मान खाली घालून झेंडूच्या पाकळ्या निवडत राहिला. ‘पावणं येणार म्हणून,’ एवढंच म्हणाला. ‘पेंटर आलाच हुता.’ काका खाटेवरून आमच्याकडं तोंड करून बसले होते.

मुंबईला मी सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, आता येणार नाहीत. पण बाई म्हणाल्या, येऊन बघते.

त्या आल्या. तिशीच्या असतील, पाठीला पिशवी, पायात बूट, अंगणात शिरताना बूट काढून ठेवले म्हणून वहिनी लगेच त्यांच्या बाजूची झाली. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी पांढरे हातमोजे घातले, बारीक बॅटरी काढली आणि यानापाशी पडवीत मांडी घालून बसल्या. एका सिरिंजच्या मुळाशी जिथं पेंटरचा ब्रश पोचला नव्हता तिथं बराच वेळ बघत राहिल्या. ‘खाली मूळ रंग आहे,’ म्हणाल्या. ‘काजळीसुद्धा दिसतेय. आमच्याकडं प्रयोगशाळा आहे. वेळ लागेल, पण वरचा थर उतरवता येईल. पूर्वी होतं तसं होईल.’

मला इतकं हायसं वाटलं की मी भावाकडं बघून हसलेसुद्धा.

बाईंनी टिपण काढायला घेतलं. भोपळा कुठला, तार कुठली, हे काका सांगत होते. मग त्यांनी सहज विचारलं, हा तांबडा रंग कुणी द्यायला सांगितला?

‘मीच,’ भाऊ म्हणाला.

‘त्यानं न्हवं,’ काका म्हणाले. ‘म्या सांगितलं.’ मग माझ्या आवाजाच्या दिशेला वळून म्हणाले, ‘त्याला कशाला बोललीस गं एवढं? त्यो न्हाईच म्हणत हुता. आक्का मारंल म्हणत हुता.’

मी विचारलं, पण का, काका? तुम्हीच तर सांगायचा, नवं यान खोटं दिसतं.

‘दिसत हुतं तवाची गोष्ट ती,’ काका म्हणाले. ‘राखाडी मला दिसंना झालं, पोरी. कोनाडाबी राखाडी, भिंतबी राखाडी, माझं डोळं तर समदंच राखाडी करत्यात. हात घालून चाचपायचो, हाय का न्हाई ते. पेंटर ट्रॉली रंगवत हुता, ते तांबडं मला हितनं, खाटंवरनं दिसलं. म्हणलं, हेच लाव. आता सकाळी उठलो की पयलं तेच दिसतं.’

वहिनी पदरानं नसलेलं काहीतरी पुसत होती.

काकांनीच पुढं बाईंना विचारलं, ‘तुमी नेल्यावर ते परत राखाडी हुणार न्हवं?’

‘हो काका. अगदी तुम्ही केलं होतं तसं.’

काकांनी मान हलवली. ‘बराय,’ म्हणाले. ‘न्या मग.’

असाच माणूस आहे हा. आयुष्यभर ‘न्या मग’. टेपा पुसल्या तेव्हाही कुणाशी भांडले नसतील, ‘बराय’ म्हणाले असतील. बाईंनी पिशवीतून मऊ कागद काढला, उलगडला आणि यान उचलायला दोन्ही हात पुढं केले. या क्षणासाठी मी साताऱ्याचा चहा प्यायले होते, भावाचा जीव खाल्ला होता, वहिनीशी धुळीवरून वाद घातला होता. आणि मी म्हणाले, ‘यानाला हात लावू नका.’

बाई थांबल्या. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, द्यायचंय तुम्हालाच. ते माझं आहे आणि मी तुम्हालाच देणार. पण आत्ता नाही. काका आहेत तोवर ते समोरच्या कोनाड्यातच राहील.

त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. थर जितका जुना होईल तितका उतरवायला अवघड, म्हणाल्या. कदाचित उतरणारही नाही. मला ते समजत होतं. शेवटी मीही विज्ञानच शिकवते. जाताना त्यांनी यानाचे खूप फोटो काढले. पुढून, मागून, ‘आईची कृपा’सकट. वहिनीनं त्यांची ओटी भरली. लॅमिनेट केलेली चित्रं मात्र नेली त्यांनी, दोन तुकड्यांतला ग्रहसुद्धा.

त्यानंतर काका माझ्याशी काही दिवस धड बोलले नाहीत. ‘आलेल्या माणसाला मोकळ्या हातानं लावून दिलंस,’ म्हणाले. म्हणजे तिकडूनही बोलणी मलाच.

बाई फार सभ्य आहेत. मधूनमधून फोन करतात. यानाबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. विचारतात, ‘काकांची तब्येत कशी आहे?’ खऱ्या आपुलकीनं विचारतात, मला ठाऊक आहे. पण या प्रश्नाचं उत्तर देताना माझं डोकं फिरतं. उत्तम, म्हणते मी. अगदी उत्तम. आणि फोन ठेवल्यावर उगाचच गावाला फोन लावते.

यंदा दसऱ्याच्या आधी त्यांचा फोन आला तेव्हा मी सांगलीत रंगाच्या दुकानात उभी होते. काकांना आता तांबडंही नीट दिसत नाही. काळं वाटतं, म्हणाले. वहिनीची पिवळी साडी तेवढी कळते. दुकानदार एकेक डबा उघडून दाखवत होता आणि मी सगळ्यात भडक पिवळा शोधत होते. ‘काकांची तब्येत कशी आहे?’ बाईंनी विचारलं. उत्तम आहे, म्हटलं. डब्याचं काही सांगितलं नाही.